गंगीचं तोंड भिंतीकडे

चूल पेटवण्याआधी मैनाबाई रोज एक काम करायची. मागाच्या शेजारी खिळ्याला टांगलेल्या बाहुलीचं तोंड ती भिंतीकडे फिरवायची. मग हात धुवायची आणि मग काडी ओढायची. संध्याकाळपर्यंत ते तोंड पुन्हा घराकडे झालेलं असायचं, कारण दोऱ्यांना पीळ बसतो म्हणून नवरा बाहुली सरळ करून ठेवायचा. यावरून दोघांत कधी भांडण झालं नाही. ती फिरवायची, तो फिरवायचा.

बाहुलीचं नाव गंगी. लाकडाचं डोकं, चिंध्यांचं अंग आणि मागावर उरलेल्या काठाचं लुगडं. मैनाबाईच्या डाव्या गालावर मस होता, गंगीच्याही डाव्या गालावर लाखेचा काळा ठिपका होता. मैनाबाई चालताना उजवा पाय जरा ओढायची, तर गंगीच्या उजव्या पायाची दोरी मुद्दाम थोडी लांब ठेवली होती. बाहुली पहिल्यांदा तयार झाली तेव्हा मैनाबाईचं नवं लग्न झालेलं. तिनं विचारलं होतं, "हे मी होय काय जी?"

"तू काहून? तू माही बायको. हे झिंगरूची बायको," जागेश्वर म्हणाला होता आणि स्वतःच्याच उत्तरावर खूश होऊन हसला होता.

जागेश्वर तांडापेठेतला विणकर. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायांनी खालच्या पट्ट्या दाबायच्या, हातानं धोटा फेकायचा, हे त्याच्या बापानं केलं आणि त्याच्या आजानंही. पण जागेश्वरचं नाव साड्यांमुळे झालं नाही. ते झालं मस्कऱ्या गणपतीमुळे. घरोघरचे गणपती बुडाले की पितृपक्षात नागपुरात हा दुसरा गणपती बसतो. इतरत्र या दिवसांत लोक हसायलाही बिचकतात. इथं याच दिवसांत नकला, लावण्या, सोंगं, सगळी मस्करी मंडपात चालते. तांडापेठेच्या मंडपात जागेश्वरच्या बाहुल्या नाचायच्या. खेळाचं नाव 'झिंगरूचा संसार'. झिंगरू, त्याची बायको गंगी, झिंगरूची म्हातारी आई आणि एक बकरी. दर वर्षी तीच माणसं, तीच बकरी, नवी गोष्ट. पोळा झाला की लोक रस्त्यात विचारू लागायचे, "जागेश्वरभाऊ, यंदा झिंगरूकडं काय होऊन राहिलं गा?"

झिंगरूकडे तेच व्हायचं जे जागेश्वरच्या घरी झालेलं असायचं. मैनाबाई नळावर घागरीसकट पडली, त्या वर्षी गंगी पडली, आणि तिला उचलायला आलेला झिंगरू आधी घागरीला कुठं पोचा पडला ते पाहत बसला. मैनाबाई सकाळी कपबशी खड्ड्याच्या काठावर ठेवून म्हणायची, "च्या घ्या, थंडा होऊन राहिला." गंगी दर वर्षी हे वाक्य म्हणायची. घराला आग लागली तरी म्हणायची, चोर आला तर चोरालाही म्हणायची. लोक ते वाक्य तिच्या आधीच ओरडायचे.

ज्या वर्षी मैनाबाईचं दुसरं मूल पोटातच गेलं, त्या वर्षी गंगीनं पोटाला उशी बांधली आणि दिवस गेल्याचं सांगून सासूकडून शिरा खाल्ला. शेवटी उशी फाटली आणि मंडपभर कापूस उडाला. बाया पदर तोंडात धरून हसल्या. गंगीचा आवाज त्या वर्षीही मैनाबाईच काढत होती.

खेळ कसा चालायचा हे सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यातच अडकलेलं आहे.

जागेश्वरला बाहुल्या विणकरासारख्याच नाचवता यायच्या. उभ्यानं, वरून दोऱ्या धरून त्याला जमत नसे. म्हणून मंडपाच्या टोकाला घरच्यासारखाच खड्डा खणायचे, त्यावर फळ्यांचा रंगमंच बांधायचे. जागेश्वर खाली बसायचा. पायांनी पट्ट्या दाबल्या की बाहुल्यांचे हातपाय उचलायचे, हातातल्या दोऱ्यांनी माना हलायच्या. तिथून त्याला लोक दिसत नसत, फक्त त्यांचं हसणं ऐकू यायचं. मैनाबाई वर, पडद्याआड, एका फळीवर बसायची. गंगीचं ती बोलायची, बाकी सगळ्यांचं जागेश्वर; दोघांपुढे एकेक माईक असायचा, आणि तिच्यासमोर पडद्याला बोटभर फट. लोक तिला दिसायचे, नवरा दिसत नसे. दोघांच्या मध्ये ती फळी. लोक हसत असले की ती फळीवर एकदा ठोकायची. त्याचा अर्थ, थांबा जरा, हसणं उतरू द्या, मग बोला. लोक फारच रंगात आले की ती सारखी ठोकत राहायची. त्याचा अर्थ, मस्त चाललं आहे, ताणा. एवढ्या दोनच खुणा. खेळ बंद करा, असं सांगायची खूण त्यांनी ठरवली नव्हती. तशी वेळ कधी आली नव्हती.

त्यांना एकच मुलगी, जयवंता. ती या फळीवरच वाढली. रांगत होती तेव्हापासून दर वर्षी ती आईच्या मांडीला टेकून गंगीचं बोलणं ऐकायची, आणि ऐकता ऐकता झोपून जायची. तिला बोलता येऊ लागलं ते गंगीसारखं. घरात सगळ्यांना याचं हसू यायचं. मोठी झाली तशी जागेपणी ती साधं बोलायला शिकली.

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात जयवंताचं लग्न उमरेडला झालं. सासरा ईश्वरदास, तोही विणकर. घर बरं, मुलगा रविंद्र शांत. आखाडीला जयवंता माहेरी आली, परत गेली, आणि श्रावण सरायच्या आत तिचा दीर तिला पेटीसकट आणून सोडून गेला. आत आला नाही. दारातूनच म्हणाला, "वयनीची तब्येत बरी नाई. थोडा आराम होऊ द्या."

जयवंताच्या नाकाडोळ्यांची आग होत होती. तिला मिरच्यांची धुरी दिली होती.

झालं होतं ते एवढंच. जयवंता झोपेत बोलायची. माहेरी ते कुणाला नवं नव्हतं. उमरेडला सासू पाणी प्यायला उठली, तर सून उताणी पडलेली, डोळे सताड उघडे, आणि भलत्याच बाईच्या आवाजात म्हणतेय, "सासूबाई, वरनात दाळ टाका, नाईतर मले पवाले शिकवा." पाणीदार वरणात बुडू नये म्हणून पोहायला शिकवा म्हणणारं ते मागच्या वर्षीचं गंगीचं वाक्य होतं. त्यावर तांडापेठ खूप हसली होती. उमरेडची सासू हसली नाही. तिनं देव्हाऱ्यापुढे जाऊन दिवा लावला आणि उजाडताच मांत्रिकाला बोलावलं.

मैनाबाई एकटीच एसटीनं उमरेडला गेली. नवरा यायला तयार होता, पण तिनं त्याला नेलं नाही. ईश्वरदासच्या ओसरीवर ती खाली बसली, खाटेवर बसली नाही. सगळं सांगितलं. बाहुल्यांचं, फळीचं, पोरगी मांडीवर झोपायची ते.

ईश्वरदास बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "बाधा असो की खेळ असो, मले फरक नाई पडत. पोरगी चांगली आहे, कामाची आहे. पन माही लहान पोरगी अजून घरात आहे. आमच्या घरची सून अशी डोळे उघडे ठेवून बोलते म्हनून गावाले कळलं, तर तिले कोन करन? हे गोष्ट तुमच्या माह्यात राहिली पाहिजे."

"राहीन जी."

"पितृपक्षात सून नेता येत नाई. घट बसले की नेऊ. त्याच्या आधी मी एकडाव येऊन जातो, बोलनं पक्कं करतो. आइतवारी येतो, सकाळच्या गाडीनं."

परत येताना मैनाबाईनं बसच्या खिडकीचा गज सबंध रस्ताभर धरून ठेवला होता.

घरी आल्यावर ती आधी मागाजवळ गेली. जागेश्वर तुटलेला धागा सांधत होता.

"एक गोष्ट मागते."

"माग ना."

"जयाच्या झोपेचं खेळात घ्याचं नाई."

"मी काय येडा हावो? पोरीच्या जन्माचा सवाल आहे."

"मागावर हात ठेवून सांगा."

त्यानं मागाच्या लाकडावर हात ठेवला. "हे घे. नाई घेत. आता तरी कांड्या भर, धोटा खाली झाला."

ती चरख्याशी बसून कांड्यांवर सूत गुंडाळू लागली. मग खड्ड्यातून जागेश्वर म्हणाला, "पन मैने, गोष्ट मस्त आहे वं. झोपेत! उमरेडात! तिथं ना मंडप, ना माईक. आपला खेळ पाहा कुठवर पोचला."

तिनं चरखा थांबवला. "हसू नोका जी."

"हसत नाई. सांगून राहिलो."

त्या वर्षी शेजारच्या गल्लीच्या मंडळानं पडद्यावर सिनेमा आणला. आपल्या मंडळाचे अध्यक्ष चंपतराव पानठेला चालवायचे. ते पहिल्या खेळाच्या दुसऱ्याच दिवशी दारात येऊन उभे राहिले. "जागेश्वरभाऊ, पब्लिक तिकडं पळून राहिली गा. कालच्यासारखं राकेलच्या लाइनीचं नोको दाखवू. लाइनीत तं आमी दिवसभर उभेच राहतो. काही घरातलं काढ ना."

"घरात यंदा काही झालंच नाई," जागेश्वर म्हणाला. मैनाबाई आतून ऐकत होती. तिला वाटलं, माणूस शब्द पाळतो आहे.

शनिवारी संध्याकाळी खेळ सुरू झाला. जयवंता घरी होती. मैनाबाईनंच तिला मंडपात येऊ दिलं नव्हतं, चार लोक पाहतील आणि पोरगी इतके दिवस माहेरी कशी म्हणून विचारतील. तरी विजेच्या खांबावरच्या भोंग्यातून गल्लीभर सगळं ऐकू यायचं.

राकेलची गोष्ट पुढे सरकत होती. झिंगरूनं लाइनीत बकरीला उभं केलं. थोडे लोक हसले. गंगी म्हणाली, "च्या घ्या, थंडा होऊन राहिला." लोकांनी ते नेहमीसारखं आधीच ओरडलं नाही. पलीकडच्या गल्लीतून सिनेमातलं गाणं येत होतं. पोरं उठून पळाली. फटीतून मैनाबाईला ती जाताना दिसली, खड्ड्यातल्या जागेश्वरला त्यांची पावलं ऐकू आली. मागून बाया उठल्या, बांगड्या वाजल्या. तेही त्याला ऐकू आलं असणार.

मग झिंगरू एकदम म्हणाला, "गंगे, झोपली काय वं?"

हे ठरलं नव्हतं. मैनाबाईच्या पुढ्यात गंगी हळूहळू खाली लवली आणि आडवी झाली. जागेश्वरनं तिच्या दोऱ्या ढिल्या सोडल्या होत्या.

मैनाबाईनं फटीतून पाहिलं. पुढच्या रांगेत, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या खुर्चीवर, चंपतरावांच्या शेजारी, पांढरी टोपी घातलेले ईश्वरदास बसले होते. गळ्यात झेंडूचा हार होता. चंपतराव मागे वळून कुणाला तरी सांगत होते आणि त्यांच्या ओठांवरून कळत होतं, जागेश्वरभाऊचे व्याही, उमरेडचे. ईश्वरदास आडव्या पडलेल्या बाहुलीकडे बघून हसत होते.

तिनं तोंड उघडलं नाही. गंगी बोलली नाही तर गोष्ट पुढे जाणार नाही, असं तिला वाटलं.

पण झोपलेली बाई गप्पच असते. लोक हसले. खाली जागेश्वरला वाटलं, बायकोला बरोबर समजलं. त्यानं घोरण्याचा आवाज काढला. लोक आणखी हसले. गेलेली पोरं मंडपाच्या दाराशी थबकली.

मैनाबाईनं फळीवर ठोकलं. पुन्हा ठोकलं. तिला एवढंच हवं होतं की त्यानं वर बघावं, काहीतरी बिनसलं आहे हे त्याला कळावं. तिनं तळव्यानं ठोकलं, मग मुठीनं.

खाली जागेश्वरनं ऐकलं, ताणा.

त्यानं ताणलं. बायको बोलत नाही म्हटल्यावर गंगीचा आवाजही त्यानंच काढला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा काढला आणि तो हुबेहूब निघाला. मैनाबाईला स्वतःचा आवाज खड्ड्यातून येताना ऐकू आला. "सासूबाई, वरनात दाळ टाका, नाईतर मले पवाले शिकवा!" म्हातारीची बाहुली टुणकन उडाली. "बाई बाई बाई, सुनेच्या अंगात कोन आलं? डोळे उघडे आन् बोलनं दुसरीचं! झिंगऱ्या, मिरच्या आन!" बकरी मिरच्या खाऊन पळाली. मंडप खदखदत होता. ईश्वरदास अजून हसत होते, पण आता त्यांचं डोकं थोडं पुढे आलं होतं.

मैनाबाई ठोकत होती.

"मिरच्यानं नाई होत, माय," झिंगरू म्हणाला. "उमरेडले सांगावा धाडू. तिथं आपल्या विनकराच्याच घरी अशी सून आहे म्हन्तात, रातभर डोळे उघडे ठेवून बोलते. तिच्या सासऱ्यापाशी मांत्रिकाचा पत्ता असन!"

पुढच्या दोन रांगा आधी हसल्या आणि मग गप्प झाल्या. मग कुणीतरी मागच्याच्या कानात सांगितलं, त्यानं त्याच्या मागच्याला. हसणं रांगेरांगेनं मागे गेलं आणि मागून मोठं होऊन परत आलं. माणसं अर्धी उठून पांढरी टोपी कुठं आहे ते बघू लागली. खड्ड्यात बसलेल्या माणसाला एवढंच कळलं की असं हसणं त्यानं आयुष्यात ऐकलेलं नाही, आणि वर बायको अजून ठोकते आहे. त्यानं तेच पुन्हा केलं.

ईश्वरदासांच्या चेहऱ्यावर हसू तसंच राहिलं होतं. ते उतरवायला त्यांना वेळ लागला. पण ते उठले नाहीत. आरती होईपर्यंत बसले, टाळ्या वाजवल्या, प्रसाद दोन्ही हातांत घेतला.

जागेश्वर घामाघूम होऊन वर आला आणि समोर व्याही.

"तुमी... तुमी तं उद्या येनार होते ना जी?"

"इतवारीच्या बाजारात साड्या द्याच्या होत्या. म्हटलं, रात्री इथंच राहीन, तुमचा खेळही पाहून घेईन. लय नाव ऐकलं होतं."

जागेश्वरचा चेहरा उतरला. तरीही जीभ सवयीनं चाललीच. "मंग? कसा वाटला?"

"लय हसलो," ईश्वरदास म्हणाले.

ते घरी आले. नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं. खाटेवर बसले. जयवंता डोक्यावरून पदर घेऊन कपबशी घेऊन आली. भोंग्यातून तिनं सगळं ऐकलं होतं. ईश्वरदासांनी बशीत ओतून सगळा चहा सावकाश प्यायला आणि म्हणाले, "मस्त झाला."

मैनाबाई जमिनीवर बसली. "व्याही, घट बसल्यावर..."

"राहू द्या पोरीले इथंच," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तुमच्या खेळाले लागते ते."

मग जयवंताच्या डोक्यावर हात ठेवला, "सुखी राहा बेटा," म्हणाले, आणि साड्यांची रिकामी पिशवी काखेत मारून निघाले. राहणार होते, पण राहिले नाहीत.

मग जागेश्वर म्हणाला, "मी थोडंसंच घेनार होतो. नाव न घेता. गंगीच झोपनार होती, जया नाई. मंग तू ठोकाले लागली."

मैनाबाईनं ईश्वरदासांची कपबशी उचलून मोरीत ठेवली.

"एवढं तं तू कधीच ठोकलं नाई. मले वाटलं, पब्लिक पागल होऊन राहिली. उमरेडचं तं माह्या मनातही नव्हतं. तू ठोकून राहिली होती म्हनून सुचलं."

"मी थांबा म्हनून राहिली होती."

"थांबाची खून कुठं आहे आपली?"

तो खोटं बोलत नव्हता. तिचा उजवा तळवा सुजला होता. तिनं तो पदराखाली घेतला. जयवंता चुलीपाशी पाठमोरी बसली होती. तिनं तिथूनच विचारलं, "तूनं काहून ठोकलं वं माय?"

पुन्हा तिनं हे कधी विचारलं नाही.

दिवाळीनंतर कळलं, रविंद्रसाठी पवनीकडची मुलगी पाहिली. ईश्वरदासांच्या धाकट्या मुलीचंही पुढे बरं झालं. वाईट फक्त इथं झालं, आणि तेही लोकांच्या लक्षात राहिलं नाही. लक्षात राहिला तो झोपेचा प्रवेश. पुढच्या वर्षी चंपतराव पोळ्याआधीच आले. "जागेश्वरभाऊ, झोपेचं पायजेच बरं. त्याच्यानं सिनेमा फेल झाला गा." त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. 'झिंगरूचा संसार' मध्ये दर वर्षी नवी गोष्ट व्हायची, पण शेवटी गंगीला झोपावंच लागायचं. धरमपेठेतल्या एका मंडळानं बाहुल्या एकदा हॉलमध्ये बोलावल्या. तिथं खड्डा नव्हता म्हणून टेबलं जोडून उंच मंच केला आणि जागेश्वर टेबलांखाली बसला. खुर्च्यांवर बसलेले लोकही झोपेलाच सगळ्यांत जास्त हसले, फक्त जरा हळू.

मैनाबाई फळीवर पुन्हा बसली नाही. एक वर्ष जागेश्वरनं एकट्यानं निभावलं. दुसऱ्या वर्षी जयवंता म्हणाली, "मी बसते." ज्या आवाजापायी तिला परत पाठवलं होतं, तो आता मंडपाला हवा होता. तिनं तो आईपेक्षा चांगला काढला. तिला ठोकायच्या खुणाही येत होत्या, शिकवाव्या लागल्या नाहीत. खेळ झाला की बाया तिला वेढा घालायच्या. "जया, एकडाव म्हन ना वं, पवाले शिकवा." ती म्हणायची. म्हणताना तिचा चेहरा खुलायचा. नवऱ्यानं टाकलेली म्हणून तिच्याकडे बघणाऱ्या बाया तेवढा वेळ तिच्याकडे दुसऱ्या नजरेनं बघायच्या, आणि तिला ते कळत होतं. घरी भोंग्यातून मैनाबाईला सगळं ऐकू यायचं. ती कांड्या भरत राहायची.

तिचं बोलणं कमी कमी होत गेलं. बोलायला ती घाबरत होती असं नाही, पण तोंड उघडलं की लोक हसत. भाजीवाली वच्छलाबाई तिला लांबून पाहूनच ओरडायची, "आल्या आल्या, गंगाबाई आल्या! काय देऊ वं, दाळ देऊ की पवाले शिकवू?" मैनाबाई म्हणायची, "पाव किलो वांगे द्या," आणि तिथल्या सगळ्या बाया हसायच्या, कारण तो आवाज गंगीचा होता. त्यांना वाटायचं, तीही गंमत करते आहे. पुढे पुढे ती बोट दाखवून वांगी घेऊ लागली. तर त्याचीही नक्कल झाली.

आणखी एक गोष्ट शेजारच्यांच्या लक्षात आली होती. ती कुणाच्या दारावर थाप मारत नसे. विरजण मागायला आली, हळद द्यायला आली, तर बंद दारापुढे नुसती उभी राहायची. आतल्या बाईनं कधीतरी दार उघडलं की ती म्हणायची, "अवं माय, कवापासून उभी आहे? वाजवाचं ना!" मैनाबाई वाटी पुढे करायची.

सकाळचा चहा ती खड्ड्याच्या काठावर ठेवायची आणि निघून जायची. ते वाक्य तिनं सोडून दिलं होतं. जागेश्वरचा चहा पुष्कळदा गार व्हायचा. तो कुरकुरायचा, "सांगत जा ना वं." तिनं सांगितलं नाही. गंगीचं तोंड मात्र ती रोज फिरवत होती.

ऐंशी सालच्या आसपास तांडापेठेतले पुष्कळ माग बंद झाले. शेजाऱ्यांकडे पावरलूम आले, भिंती दिवसभर थरथरू लागल्या. जागेश्वर साड्या थोड्या आणि बाहुल्या जास्त करू लागला. मैनाबाईच्या पायांवर सूज यायची, जिना चढल्यासारखी ती घरातल्या घरात धापा टाकायची. दवाखान्यात एकदा नेलं. पुन्हा नेण्याचं मस्कऱ्या गणपती झाल्यावर बघू, असं ठरलं.

गणपती बसला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मैनाबाई गेली. चरख्याशी भिंतीला टेकून बसली होती. कांडी अर्धी भरलेली होती. जवळ कुणी नव्हतं. जया मंडपात दोऱ्या बांधत होती, जागेश्वर तिथंच खड्ड्यात माप घेत होता. सुतकात बाहुल्या नाचवता येत नाहीत, म्हणून त्या वर्षी खेळ झाला नाही. मंडळानं सिनेमा लावला.

त्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी उठली होती. चुलीकडे जाण्याआधी तिचा हात खिळ्याकडे गेला आणि रिकामाच परत आला. गंगी खिळ्यावर नव्हती. जयवंता उंबऱ्यापाशी उजेडात बसून मांडीवरच्या गंगीला नवं लुगडं शिवत होती. मैनाबाईनं थोडा वेळ ते पाहिलं. मग हात धुतले, चूल पेटवली, चहा केला. पहिली कपबशी जयापुढे ठेवली. दुसरी घेऊन ती पाय ओढत मागापर्यंत आली. जागेश्वर खड्ड्यात, तुटलेले धागे सांधण्यात गुंतला होता. त्याची पाठ तिच्याकडे होती. वाकून बशी ठेवताना तिला धाप लागली असेल किंवा ती विसरून गेली असेल. इतक्या वर्षांनी तिच्या तोंडून ते वाक्य निघालं.

"च्या घ्या, थंडा होऊन राहिला."

जागेश्वरनं मान वर केली नाही. खूश होऊन म्हणाला, "वा जया! आज आवाज बरोबर लागला तुहा. संध्याकाळी असाच काढजो."

जयवंताच्या दातांत दोरा होता. तिला बोलता आलं नाही.

"मी होय जी," मैनाबाई म्हणाली. "च्या घ्या."